बॅटरी नवी, आकडे जुने

दुपारचे पावणेबारा. मिक्सरमध्ये खोबरं-मिरची फिरत होती, ती अर्धवट वाटून मिक्सर थांबला. मग पंखा. मग फ्रीजरची घरघर. सगळं गप्प झाल्यावर पडवीतून इन्व्हर्टरचा लांबलचक, एकसुरी बीप ऐकू यायला लागला.

लाईट जाणं आमच्या वाडीत कोणी मनाला लावून घेत नाही. पण लाईट गेलेली नव्हती. शेजारी टीव्ही व्यवस्थित चालला होता. आमच्या छपरावर नऊ पॅनेलं भर उन्हात तळत होती, पडवीत जवळजवळ लाखाची नवी कोरी लिथियम बॅटरी उभी होती, आणि अख्ख्या वाडीत अंधार फक्त आमच्या घरात. इन्व्हर्टरच्या पडद्यावर लाल दिवा आणि आकडा, ०३.

“काय गो, गेली परत?” ओटीवरून सासूबाई.

सलग चौथा दिवस होता. रोज साडेअकरा ते बाराच्या मध्ये. रात्री कधी नाही, पहाटे नाही, आभाळ भरलेलं असलं तर अजिबात नाही. ऊन चांगलं पडलं की अंधार, असा उलटा न्याय. इन्व्हर्टरचं बटण बंद करून, दहा आकडे मोजून चालू केलं की घर परत उजळायचं, आणि पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा बीप.

थोडं मागचं सांगते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडकडे विजेचे खांब काडीसारखे आडवे झाले. आमच्या वाडीत लाईट यायला महिना उलटला. पोफळी गेल्या, कलमं उन्मळली, त्याचं दुःख निराळं; पण फ्रीजरमधला आमरस आणि कोकमाचं आगळ डोळ्यांदेखत खराब झालं ते माझ्या जास्त जिव्हारी लागलं, कारण तो माझा धंदा. त्याच वर्षी दिवाळीत सोलर बसवलं. ३३० वॅटची नऊ पॅनेलं, ५ किलोवॅटचा इन्व्हर्टर, आणि १५० अँपिअर-अवरच्या चार ट्युब्युलर, म्हणजे पाणी घालायच्या शिशाच्या, बॅटऱ्या एकापुढे एक जोडून ४८ व्होल्ट. बॅटरी का, असं अजून लोक विचारतात. नेटमीटरवालं साधं सोलर लाईट गेली की स्वतःच बंद होतं. खांबावर काम करणाऱ्या माणसाला उलटा झटका बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. बिल वाचवायला ते उत्तम. वादळात उपयोग शून्य.

चार वर्षं त्या चार बॅटऱ्यांचं बाळंतपण केलं. डिस्टिल्ड वॉटर, टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी, गरम पाण्याने धुणं, व्हॅसलीन. चौथ्या पावसाळ्यात त्यांनी हात टेकले, रात्री फ्रीजर लावला की पाऊण तासात खेळ खलास. म्हणून २०२४ च्या दिवाळीनंतर लिथियम घेतली. ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवर, म्हणजे पाच युनिट आणि वर थोडी. जुन्या चौघींची कागदावरची बेरीज सात युनिटांच्या वर जायची, पण शिशाच्या बॅटरीतून अर्ध्याहून जास्त ओढलं की तिचं आयुष्य घटतं. लिथियममधून ऐंशी-नव्वद टक्के बिनधास्त काढता येतात. हिशेब सारखाच पडला.

खेडहून आलेल्या मुलाने वीस मिनिटांत काम उरकलं. जुन्या चार काढल्या, नवी उभी केली, त्याच दोन जाड तारा तिला लावल्या. “प्लग अँड प्ले आहे काकी, काही बघायला नको,” म्हणाला, आणि चहा घेऊन गेला. मुलगा कामसू आहे, खोटारडा नाही. त्याला जेवढं शिकवलं होतं तेवढं त्याने केलं.

चौथ्या दिवशी त्याला फोन लावला.

“काकी, बॅटरीवर स्टिकर आहे बघा. चार्जिंग व्होल्टेज किती लिहिलंय?”

“५८.४.”

“आता इन्व्हर्टरमध्ये २६ नंबरच्या सेटिंगला जा. तिथे किती दिसतंय?”

“५८.४.”

“मग जुळतंय की!”

मलाही हायसं वाटलं. दोन्हीकडे एकच आकडा, दशांशासकट. जुन्या बॅटऱ्यांच्या वेळेपासून ५ नंबरच्या सेटिंगला ‘फ्लडेड’, म्हणजे पाणी घालायची बॅटरी, असं निवडलेलं होतं आणि त्या प्रकाराचं ५८.४ आपोआपच येतं. लिथियमच्या स्टिकरवरही ५८.४. हा निव्वळ योगायोग, पण त्यावर आम्ही दोघांनी तीन दिवस घालवले. दोष मग उन्हाला दिला. पडवी तापते म्हणून बॅटरीसमोर टेबलफॅन लावून ठेवला. वारा तिला लागला, मला गरम झालं, आणि पावणेबाराला बीप वाजायचा तो वाजलाच. हेल्पलाईनच्या बाईंनी तक्रार क्रमांक दिला.

मी बावीस वर्षं पतसंस्थेत हिशेब लिहिलेत. तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांची जमा-नावेची बेरीज, जुळली म्हणजे हिशेब बरोबर आहे असं धरून चालणारा कारकून आमच्याकडे टिकायचा नाही. एका खात्यात पाचशे जास्त, दुसऱ्यात पाचशे कमी. तेरीज तंतोतंत जुळते आणि दोन खातेदार दारात भांडायला उभे राहतात. हे मला ठाऊक होतं. तरी बॅटरीच्या बाबतीत मी तेरीज बघून खूश झाले.

डोळे उघडले ते पुतण्याने. तो भोसरीला इलेक्ट्रिक रिक्षांच्या बॅटऱ्या जोडायच्या कारखान्यात आहे. सगळं ऐकून घेऊन त्याने विचारलं, “काकू, सेल बघितलेस का?”

“कसले सेल?”

“अगं, बॅटरीच्या आत सोळा सुट्या छोट्या बॅटऱ्या असतात, ते सेल. ब्लूटूथ असेल तिला. कंपनीचं ॲप उतरव.”

खेडच्या मुलाने ॲपचं नावही काढलं नव्हतं. उतरवलं, जोडलं, आणि फोनवर सोळा छोटे चौकोन उघडले. प्रत्येकात तीन दशांशांचा आकडा. ३.३३४, ३.३३५, ३.३३४… आणि सातव्या चौकोनात ३.३४९.

“सातवा थोडा वर आहे,” मी म्हटलं.

“किती?”

“पंधरा हजारांश.”

“आत्ता ते काही नाही. उद्या अकरा वाजता ॲप उघडून बस, आणि लिहून काढ.”

लिहून काढणं मला सांगावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी पडवीत पाट टाकून बसले, मांडीवर वही, एका हातात फोन. सासूबाई मटार सोलत शेजारी.

११.१० ला सातवा ३.३५, बाकीचे ३.३३-३.३४. एकूण ५३.४.
११.२० ला सातवा ३.४४, बाकीचे ३.३६. एकूण ५३.८.
११.२६ ला सातवा ३.५५, बाकीचे ३.३९. एकूण ५४.४.

यापुढे लिहायला उसंतच मिळेना. सातव्या चौकोनातला आकडा रिक्षाच्या मीटरसारखा पळत होता. ३.५८. ३.६१. ३.६४. बाकीचे पंधरा ३.४२ च्या आसपास रेंगाळलेले. ११.२९ ला सातवा ३.६५ ला टेकला, चौकोन लाल झाला, ॲपमध्ये ‘चार्जिंग बंद’ अशी ओळ आली, आणि लगोलग डोक्यावरून बीप.

एकूण किती होतं त्या क्षणी? ५४.९५. इन्व्हर्टर ५८.४ च्या वाटेकडे डोळे लावून बसला होता आणि बॅटरीने ५५ च्या आतच दार लावून घेतलं होतं.

पुतण्याने मग फोनवर नीट उलगडून सांगितलं. ही लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी. एका सेलची वरची हद्द ३.६५ व्होल्ट. सोळा गुणिले ३.६५ बरोबर ५८.४, स्टिकरवरचा आकडा तिथून आलेला. म्हणजे सोळाच्या सोळा सेल एका क्षणी, एका दमात काठोकाठ भरले तरच ५८.४ गाठता येणार. एक जरी पुढे असला तर तो आधी हद्दीला लागतो. बॅटरीच्या आत बीएमएस नावाचा राखणदार असतो, तो बेरीज बघत नाही, प्रत्येक सेल सुटा बघतो. एकाने हद्द ओलांडली की तो चार्जिंगची वाट कापतो.

“पंगतीत सोळा पानं आहेत आणि वाढपी एक,” तो म्हणाला. “एकाचं पान भरलं की तो ओरडतो आणि अख्खी पंगत उठते. बाकीचे पंधरा उपाशी.”

आणि अंधार का? कारण आमचा २०२० चा इन्व्हर्टर राखणदाराशी बोलत नाही. नव्या इन्व्हर्टरमध्ये बॅटरीशी बोलणारी केबल लागते, मग बॅटरीच सांगते की आता थांब, आता कमी दे. आमच्याकडे ती सोय नाही. पॅनेलांकडून चाळीस अँपिअर धो-धो येतायत आणि अचानक ते घ्यायला समोर कोणी नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीच्या बाजूचं व्होल्टेज एकदम उसळतं, आणि तो स्वतःचा जीव वाचवायला सगळं बंद करतो. ०३ चा अर्थ पुस्तिकेत दिलाय, बॅटरीचं व्होल्टेज जास्त. मी तो पहिल्याच दिवशी वाचला होता आणि ‘पण ते तर ५५ च दाखवतंय’ म्हणून सोडून दिला होता.

“म्हणजे सातवा सेल खराब आहे? बदलून मागू?”

“खराब नाही गं. पुढे आहे एवढंच. कारखान्यातून अर्धवट भरून निघतात, गोदामात पडून राहतात, थोडं मागेपुढे होतं. बीएमएस सारखं करतो, पण फार हळू.”

किती हळू, ते ऐकून मी कपाळाला हात लावला. पुढे असलेल्या सेलमधला जास्तीचा माल तो एका बारीकशा रेझिस्टरमधून उष्णता करून उडवतो, आणि त्याची ताकद असते अँपिअरच्या दहाव्या भागाएवढी, कधी त्याहूनही कमी. शंभर अँपिअर-अवरचा सेल एक टक्का पुढे असला तरी ते झालं एक अँपिअर-अवर. ०.१ ने उडवायचं म्हणजे दहा तास. तेही हा उद्योग तो करतो फक्त वरच्या टोकाला, सेल ३.४ च्या पुढे गेल्यावर. कारण मधल्या सगळ्या पट्ट्यात या बॅटरीचं व्होल्टेज जवळजवळ सपाट असतं, कोण पुढे कोण मागे ते कळतच नाही. आमचा राखणदार रोज ११.२० ला कामाला लागत होता आणि ११.२९ ला त्याला हाकलून दिलं जात होतं. नऊ मिनिटांत काय सारखं करणार?

म्हणून उपाय असा, की वरच्या टोकाला जायचं पण ओरडा होणार नाही इतकंच, आणि तिथे तासन्‌तास थांबायचं.

५ नंबरला ‘फ्लडेड’ काढून ‘युजर’ निवडलं. ते केल्याशिवाय २६ आणि २७ नंबर हातच लावू देत नाहीत. २६, म्हणजे भरतानाचं वरचं व्होल्टेज, ५८.४ वरून ५४.४ केलं. एका सेलला ३.४. पूर्ण भरल्यावर ज्यावर टेकवून ठेवायचं ते फ्लोट, २७ नंबर, ५४ वरून ५३.६. शिशाच्या बॅटरीला फ्लोट लागतो कारण ती बसल्या बसल्या उतरते आणि अर्धवट भरलेली राहिली की तिच्या आत सल्फेटचा थर बसतो. लिथियमला तसली गरज नाही. उलट काठोकाठ भरून उकाड्यात उभी ठेवली तर ती लवकर म्हातारी होते. आणि २ नंबर, चार्जिंगचा एकूण करंट, ६० वरून २०. हे शेवटचं मला पटायला वेळ लागला. ऊन आहे, पॅनेलं आहेत, मग हात आखडता कशाला? पण करंट कमी असला की पुढे असलेला सेल पळत नाही, चालतो.

पहिला दिवस. ११.५० ला एकूण ५४.४. सातवा ३.४९. बाकीचे ३.३९. बीप नाही. बारा वाजले, साडेबारा वाजले. करंट उतरत उतरत दोन अँपिअरवर आला. सातव्या चौकोनाभोवती एक छोटी निळी खूण लुकलुकत होती, ती म्हणे राखणदार काम करतोय त्याची. तीन वाजता सातवा ३.४८.

“भरली का?” सासूबाईंनी विचारलं.

“सारखी होतेय.”

“पाणी घातलंस का तिला?”

लिथियमला पाणी लागत नाही हे त्यांना मी निदान सहा वेळा सांगितलं असेल. अजून विचारतात.

पाच दिवस ५४.४ वर ठेवलं. सातवा ३.४३ पर्यंत उतरला. मग ५४.८. त्या दिवशी तो परत ३.५१ ला गेला, माझ्या पोटात गोळा आला, पण दोन दिवसांत खाली आला. मग ५५.२, म्हणजे सेलला ३.४५. बाराव्या दिवशी दुपारी वहीत लिहिलंय, सर्वांत वरचा ३.४५८, सर्वांत खालचा ३.४४६. बारा हजारांशांचा फरक. मी तिथेच थांबले. ५५.२ ला बॅटरी जवळपास पूर्ण भरते, तिथून ५८.४ पर्यंतच्या चढणीत हाताला लागतं फार थोडं आणि धोका वाढतो. करंट परत वाढवून ४० केला.

या सगळ्यात एक वेगळंच दुखणं हाती लागलं. मी वहीत इन्व्हर्टरचा आकडा आणि ॲपचा आकडा शेजारी शेजारी लिहीत होते. सकाळी करंट कमी असताना दोन्ही सारखे. भर उन्हात ३८ अँपिअरला इन्व्हर्टर ०.६ व्होल्ट जास्त दाखवायचा. मधले ०.६ गेले कुठे? गुणाकार केला, ०.६ गुणिले ३८, तेवीस वॅट. तारेत कुठेतरी तेवीस वॅटची उष्णता मुरत होती. प्लॅस्टिकच्या टोपीवरून हात फिरवला तर बॅटरीच्या धन टोकाचा लग, म्हणजे तारेच्या टोकाचं धातूचं कडं, चहाच्या कपासारखा गरम. नवीन बॅटरीला जुन्याच तारा लावल्या होत्या ना, त्यांच्या टोकांत चार वर्षांची ॲसिडची भुकटी आणि आमची खारी हवा. वाडीतल्या वायरमनला बोलावलं. हे मी स्वतः केलं नाही, आणि आपला आपण पाना घेऊन कोणी करू नये. पॅनेलच्या तारांत तीनशेच्या वर व्होल्ट डीसी असतं, त्याची ठिणगी सहज विझत नाही. त्याने आधी पॅनेलचा आयसोलेटर, म्हणजे पॅनेलं तोडायचा स्विच, पाडला, मग लाईटचा मेन, शेवटी बॅटरीचा एमसीबी. काळी पडलेली टोकं कापली, नवे लग दाबयंत्राने दाबून बसवले. फरक ०.१ वर आला.

खालच्या बाजूचे आकडेही जुनेच राहिले होते, ते याच दरम्यान लक्षात आले. २९ नंबर, म्हणजे बॅटरी कितीवर आली की इन्व्हर्टरने हात वर करायचे, तो ४२ होता. ४२ भागिले १६ म्हणजे २.६, तिथे लिथियम जवळजवळ कोरडी ठणठणीत झालेली असते. तो ४८ केला. १२ नंबर, बॅटरीवरून लाईटवर, म्हणजे खांबावरच्या विजेवर, जायची हद्द, ४६ वरून ५०. आणि १३ नंबर फारच मजेशीर निघाला. लाईटवर गेलेलं घर परत बॅटरीवर कधी आणायचं, ते तो ठरवतो, आणि तिथे ५४ होतं. ट्युब्युलर चार्ज होताना ५४ ला सहज चढते. लिथियम मात्र जवळजवळ भरत आल्याशिवाय ५४ दाखवतच नाही. त्यामुळे बॅटरी पाऊण भरलेली असूनही आमचं घर दुपारपर्यंत लाईटवर चाललेलं असायचं आणि मला वाटायचं ढगांमुळे होतंय. ५३ केलं. बॅटरी किती भरली ते दाखवणाऱ्या इन्व्हर्टरच्या पडद्यावरच्या चार काड्यांकडे तर मी आता बघतच नाही, त्या व्होल्टेजवरून अंदाज बांधतात आणि या बॅटरीत व्होल्टेजवरून काही कळत नाही.

सगळं सुरळीत झालं. वहीत ‘ठीक’, ‘ठीक’, ‘ठीक’ अशा ओळी. मग वहीत लिहिणंही सोडलं.

डिसेंबरात, बॅटरी बसवल्याला महिना होत आला असताना, दुपारी दीडला बीप. ०३.

खरं सांगते, रडू आलं. त्या दिवशी आवळ्याचा रस काढला होता आणि वीस बाटल्या भरायच्या राहिल्या होत्या. ॲप उघडलं. सेल सगळे समान, सातवाही बिचारा रांगेत. पण सगळ्यांचेच आकडे ३.६ च्या वर. एकूण ५८ च्या आसपास. मी ५५.२ वर थांब म्हटलेलं असताना हा वर गेला कसा?

२६ नंबर उघडला, ५५.२ च होतं. पुतण्या कामावर, फोन उचलेना. बंद करून चालू केलं आणि यावेळी पडद्यासमोरच उभी राहिले. दहा-बारा मिनिटांनी कोपऱ्यात एक आकडा लुकलुकला, ई-९. पुस्तिका काढली. ई-९ म्हणजे इक्वलायझेशन.

शिशाच्या बॅटरीत ॲसिड तळाला जड होऊन बसतं, म्हणून महिन्यातून एकदा तिला मुद्दाम जास्त व्होल्टेज देऊन उकळवतात, ढवळून काढतात. २०२० साली बसवणाऱ्याने ते चालू करून ठेवलं होतं. ३० नंबर चालू, ३१ नंबरला ५९.२ व्होल्ट, दर तीस दिवसांनी. आमच्या ट्युब्युलरनी चार वर्षं काढली त्यात याचाही वाटा असेल. ५ नंबर बदलला, २६-२७ बदलले, तरी हे आपलं जागच्या जागी राहिलं, कारण ‘युजर’ निवडल्यावरही ते चालतं. महिना भरल्यावर इन्व्हर्टरने इमानेइतबारे लिथियमला उकळायला घेतलं.

पतसंस्थेत असं व्हायचं. खातं बंद केलं, पासबुक परत घेतलं, पण कुणाची तरी जुनी वर्गणीची स्थायी सूचना काढायची राहिलेली. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला ती बरोबर पैसे मागायला हजर.

३० नंबर बंद. ३१ चा आकडाही खाली आणून ५५.२ करून ठेवला, कुणी चुकून चालू केलंच तर असू दे.

जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. आंब्याचा मोसम सुरू व्हायच्या बेताला खेडच्या मुलाचा फोन आला.

“काकी, ते तुमचे आकडे द्याल का? दापोलीत एक गिऱ्हाईक आहे, सेम प्रॉब्लेम. ०३.”

मी वहीच्या पानाचा फोटो पाठवला. पाचच मिनिटांत परत फोन.

“५५.२ टाकतो मग डायरेक्ट.”

“थांब. डायरेक्ट नको, ५४.४ पासून चढव, आठवडा दीड आठवडा घे. आणि ३० नंबर आधी बंद कर.”

“तीस कशाला?”

“कर म्हणतेय ना.”

“बरं.”

“आणि हे बघ, बॅटरी आमच्यासारखीच आहे का? स्टिकरवर किती लिहिलंय, ५१.२ की ४८?”

“लिथियमच आहे काकी, अठ्ठेचाळीसवालीच म्हणतात ना सगळ्यांना.”

“म्हणतात सगळ्यांना. स्टिकर बघ.”

संध्याकाळी फोटो आला. ४८. म्हणजे सेलमागे ३.२ धरले तर आत सोळा नाहीत, पंधरा सेल. त्याने माझे आकडे तसेच चढवले असते तर ५५.२ भागिले १५, सेलमागे ३.६८, सगळेच हद्दीच्या बाहेर. दिवा लावून झाल्यावर वहीचं कोरं पान काढलं आणि त्याच्यासाठी पहिल्यापासून मांडणी केली. पंधरा गुणिले ३.४, ५१. पंधरा गुणिले ३.४५, ५१.७५, इन्व्हर्टर एकच दशांश घेतो, म्हणून ५१.७.